गौरी ते कोजागिरी : कुडपणचा शरद

इंग्लंडात सप्टेंबर लागला की माणसं घाईला येतात. लंडनचा जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि सप्टेंबरात तो रोज जवळजवळ चार मिनिटांनी आखडत जातो. कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तोडायच्या, सफरचंदं उतरवायची, कोवळ्या उन्हात पाय मोकळे करून घ्यायचे, कारण पुढे लांबलचक अंधार वाढून ठेवलेला असतो. जॉन कीट्सनं शरदावरची आपली प्रसिद्ध कविता विंचेस्टरला 19 सप्टेंबर 1819 रोजी लिहिली, तीही असाच एक फेरफटका मारून आल्यावर. तिकडचा शरद निरोपाचा आहे.

सह्याद्रीत नेमकं उलटं घडतं. जून ते ऑगस्ट डोंगर ढगात बुडालेले असतात. भाद्रपदात ढग वर सरकतात आणि तीन महिने न दिसलेलं सगळं एकाएकी दिसू लागतं. दिवस रोज जेमतेम मिनिटभरानं लहान होतो. झाडं पानं टाकत नाहीत, आपली पानगळ माघ-फाल्गुनात. पाणी अजून डोंगरात आहे आणि ऊनही आलं आहे, असा वर्षातला हा एवढाच काळ. या दोघांच्या भेटीतून जे जे छोटं सुख निपजतं, ते नीट चाखायचं तर कुडपणसारखं गाव हवं.

माझी खंत एकच आहे. धबधबे पाहणारे जुलैत येतात, चाकरमानी गणपतीला येतात आणि विसर्जन आटोपून मुंबई गाठतात. त्यानंतरचे जे उत्तम आठवडे, ते बघायला गावात म्हातारी माणसं तेवढी उरतात.

गाव कुठे, ऋतू केव्हा

कुडपण हे पोलादपूर तालुक्यातलं, रायगड जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाचं गाव. इथे रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दी जवळ येतात. दक्षिणेला खेड तालुक्यातली महिपतगड, सुमारगड, रसाळगड ही दुर्गांची रांग, पूर्वेला मधु-मकरंदगड, ईशान्येला प्रतापगड. डोंगराच्या उत्तर अंगाचं पाणी सावित्रीला मिळून बाणकोटच्या खाडीला जातं. दक्षिण अंगाचं जगबुडीतून वाशिष्ठीला आणि पुढे दाभोळला जातं. शेलारमामांचं गाव म्हणूनही या परिसरात कुडपणचं नाव घेतलं जातं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यातलं.

पंचांगात शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. अनुभवाचं विचाराल तर कुडपणचा शरद भाद्रपदात गौरींबरोबर येतो आणि कोजागिरीपर्यंत ऐन भरात असतो. हे सारे मिळून पाच आठवड्यांच्या थोडे वर. अधिक मासामुळे तारखा मागेपुढे होतात, त्यामुळे कधी तो ऑगस्टच्या अखेरीस डोकावतो, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. हवामान खात्यानं 2020 मध्ये मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या. त्यांनुसार परतीचा प्रवास पश्चिम राजस्थानातून 17 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मुंबईतून पाऊस 8 ऑक्टोबरच्या आसपास काढता पाय घेतो. म्हणजे आपले पाच आठवडे पावसाच्या जाण्याचेच आहेत. पाऊस असतो, पण रोजचा नसतो. दोन सरींमध्ये जी उघडीप मिळते तिच्यातच सगळी गंमत आहे.

ऊन पडलं की घरात काय होतं

पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, डोंगरमाथ्यावर त्याहून बराच जास्त. एवढ्या पावसात घर कसं होतं हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. मीठ पाणी सोडतं, काड्यापेटी पेटत नाही, चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते, कपडे चुलीवरच्या वलणीवर वाळवावे लागतात आणि त्यांना कायम धुराचा वास येतो. म्हणून पहिली खडखडीत उघडीप मिळाली, की घरातली बाई आधी काही करत असेल तर गोधड्या बाहेर काढते.

गोधड्या, घोंगड्या, उशा, धान्याच्या कणग्यांतले तांदूळ, लाल मिरची, सरपणाची मोळी, सगळं अंगणात येतं. अंगणाला मात्र अजून शेवाळ धरलेलं असतं, तेव्हा आधी ते खरवडायचं. इरली आणि खोळी माळ्यावर जातात. दुपारी गोधडी उलटी करताना तिच्या आतल्या कापडातून जो उबट वास येतो, तो नाकात भरला की पावसाळा संपला हे शरीराला पटतं. त्या रात्रीची झोप वर्षातली सर्वांत गाढ झोप असावी, असं माझं मत आहे.

याच दिवसांत एक साधी गोष्ट परत भेटते, ती म्हणजे स्वतःची सावली. तीन महिने ढगांतून नुसता पांढरट उजेड गाळून येत असतो आणि त्यात सावली पडत नाही. भाद्रपदात एखाद्या सकाळी बांधावरून चालताना ती भाताच्या रोपांवरून आपल्याबरोबर सरकू लागते. पोरं आपली सावली एकमेकांच्या पायाखाली येऊ न देण्याचा खेळ खेळतात.

या ऊबेमागे एक सुटकेचा निःश्वासही आहे, आणि तो विसरून चालणार नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. खाली महाड शहर पुराच्या पाण्याखाली होतं. तेव्हापासून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांत जोराच्या पावसाच्या रात्री कुणी नीट झोपत नाही. भाद्रपदातलं कोरडं ऊन या माणसांना आवडतं त्यात हेही एक कारण आहे.

नितळ पाणी, धुतलेली हवा

कुडपणचा धबधबा आणि कड्यापासून सुटलेला 'भीमाची काठी' हा सुळका पाहायला लोक जुलै-ऑगस्टात गाड्या करून येतात आणि पुष्कळदा धुकं पाहून परततात. दोन्ही गोष्टी समोर असतात, पण दिसत नाहीत. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाण्याचा आवेग ओसरतो, गढूळपणा जातो आणि धबधब्यामागचा खडक दिसू लागतो. बसाल्टचे थर एकावर एक कसे बसले आहेत, कुठल्या थरातून पाणी पाझरतं आणि कुठल्यावरून ते नुसतं घसरतं, हे पाहायचं तर हाच काळ.

हवेचंही तसंच. पावसानं धूळ खाली बसलेली असते आणि उन्हाळ्यातले वणवे, त्यांचा धूर अजून लांब असतात. मकरंदगडाचा माथा इतका जवळ वाटतो की त्याच्या उतारावरच्या वाटा मोजता याव्यात. मे महिन्यात हाच डोंगर धुरकट निळा दिसतो.

सकाळचं धुकं मात्र असतं, आणि ते पावसाळ्यातल्या धुक्याहून निराळं. पावसाळ्यात ढगच डोंगराला टेकलेले असतात. शरदातलं धुकं दरीत जन्मतं. रात्री आकाश निरभ्र असतं, जमीन आपली उष्णता सोडून देते, थंड जड हवा उतारावरून दरीत साठते आणि ओल्या मातीतली वाफ तिथे बारीक थेंब होऊन पांढरी होते. उंचावरच्या गावातून पाहिलं तर खालच्या सगळ्या दऱ्या काठोकाठ भरलेल्या आणि त्यातून डोंगरांची फक्त माथी वर आलेली. ऊन चढलं की नऊच्या सुमारास ते विरून जातं. त्याआधी उठणं एवढीच त्याची किंमत.

तेरडा, सोनकी आणि बाकीची मंडळी

कास पठाराचं नाव सर्वांना माहीत आहे. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना 2012 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत महाराष्ट्रातल्या चार जागा आहेत आणि कास त्यांतली एक. तिथे आता फुलं पाहायला तिकीट काढून रांगेत जावं लागतं. कुडपणच्या बांधांवर, कातळांवर आणि उतारांवर त्यांतली कितीतरी फुलं कुणी न पाहता फुलून जातात.

पहिला मान तेरड्याचा. कोकणात अनेक घरांत तेरड्याच्याच गौरी आणतात. मुखवटा नाही, मूर्ती नाही, मुळासकट उपटलेली तेरड्याची रोपं हीच देवी. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' या म्हणीनं त्याला उगीच बदनाम केलं आहे. एकेक फूल लवकर कोमेजतं हे खरं, पण उतारच्या उतार गुलाबी होतो तो दोन-तीन आठवडे तसाच राहतो. फुलं सरली की त्याची बोंडं बघण्यासारखी असतात. हिरवं, लवदार, करंगळीच्या पेराएवढं बोंड. पिकलेलं असेल तर नुसतं बोट लावायचं. त्याच्या पाच फाका क्षणात आतल्या आत वळतात आणि काळसर बिया हातभर लांब उडतात. बोटाला तो लहानसा झटका स्पष्ट जाणवतो. पाण्याच्या दाबानं ताणलेल्या फाका सुटतात म्हणून हे घडतं, आणि आईच्या सावलीत सगळी पिलावळ दाटू नये म्हणून झाडानं ही सोय केलेली आहे. मोठ्या माणसांनीही हे मुद्दाम करून पाहावं.

तेरड्यामागोमाग सोनकी येते आणि ओल्या कातळांच्या कडा पिवळ्या होतात. कातळावर जिथे पाण्याचा पातळ पापुद्रा अजून झिरपत असतो, तिथे सीतेची आसवं उगवतात. बोटभर उंचीची, निळसर जांभळी, आणि दिसायला इतकी नाजूक असूनही कीटकभक्षी. त्यांच्या बुडाशी बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. कातळावर माती नसते आणि मातीतलं नत्रही नसतं, ते या मार्गानं मिळवायचं. पडीक शेतांत कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. त्याची कोवळी भाजी पावसाच्या सुरुवातीला खाल्लेली असते, तुरे नव्याच्या पुनवेला लागणार असतात.

कारवीचं गणित वेगळं. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. ज्या वर्षी फुलते त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगराच्या बाजू जांभळ्या होतात, मधमाश्यांचा गुंजारव थांबत नाही, आणि फुलून झाल्यावर ती मरते. इतर वर्षी ती आडोसा देते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड विणून, वर शेणमातीचा लेप देऊन कोकणातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी भिंती उभ्या केल्या.

वाटेवरची कोळ्यांची जाळीही याच दिवसांत मोठी झालेली असतात. रानातल्या पायवाटेवर दोन झाडांच्या मध्ये माणसाच्या छातीच्या उंचीवर रानकोळ्याच्या मादीचं सोनेरी झाक असलेलं जाळं असतं. सकाळी दवानं भरलेलं असतं तेव्हा ते लांबून दिसतं. अशा वेळी वाकून खालून जावं, जाळं तोडू नये. तिला ते विणायला खूप मेहनत लागलेली असते.

भात फुलतं तेव्हा

भाताला फूल येतं हे शहरातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. खेड्यातही ते बघत बसायला कुणाला सवड नसते. पण कुडपणच्या शरदातलं मला सर्वांत प्रिय दृश्य हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

रोप पोटरीत येतं, म्हणजे देठाचा वरचा भाग फुगतो, आणि मग लोंबी बाहेर पडते. याला भात निसवणं म्हणतात. लोंबीवरचा प्रत्येक दाणा तेव्हा रिकामं टरफल असतं. स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण दहाच्या सुमारास त्या टरफलाच्या दोन शिंपल्या किंचित उघडतात आणि आतून सहा पुंकेसर बाहेर लोंबतात. प्रत्येकाच्या टोकाला फिकट पिवळी, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान परागाची पुडी. शेतावर हलकासा वारा आला की ती थरथरतात. तासाभरात शिंपल्या मिटतात, आणि मिटल्या की पुन्हा कधीच उघडत नाहीत. त्या तासात परागीभवन झालं तर दाणा, नाही तर पोचट. एका लोंबीतले सगळे दाणे एका दिवशी फुलत नाहीत, आठवडाभर टप्प्याटप्प्यानं फुलतात. म्हणून एखाद्या दिवशी दहा वाजता सर आली तरी सगळं पीक जात नाही.

पुढे दाण्यात दूध भरतं. लोंबीतला हिरवा दाणा नखात दाबला की पांढरा थेंब बाहेर येतो, जिभेवर ठेवला तर गोडसर लागतो. हळूहळू तो थेंब घट्ट होतो, पिठूळ होतो, आणि फुलल्यापासून महिन्याभरात तांदूळ तयार होतो. इतके दिवस ताठ उभी असलेली लोंबी आता वाकते. हळवं भात पेरणीपासून 110 ते 120 दिवसांत हाती येतं, निमगरवं आणि गरवं त्यामागून. त्यामुळे एकाच डोंगरउतारावर सप्टेंबरअखेर तीन रंग दिसतात : वरच्या हलक्या खाचरांत पिवळं, मधे पिवळट हिरवं, खालच्या ओलाव्यात अजून गडद हिरवं.

त्याहून वर, जिथे खाचर करता येत नाही, तिथे वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. नाचणीची कणसं मिटलेल्या मुठीसारखी दिसतात. पावसाळी आभाळाखाली ती करडी वाटतात, उन्हात तांबूस.

ताटातलं

मांडवावरच्या वेलींना याच दिवसांत भरती येते. काकडी, पडवळ, शिराळी, भोपळा, घेवडा. परड्यात अळू, माठ. बाजाराला जावं लागत नाही. पावसाळी काकडी हातभर लांब होते आणि जाडजूड असते. ती चिरताना जे पाणी सुटतं त्याचा वास घरभर जातो. पोरं तिला मीठ-तिखट लावून उभ्या उभ्या संपवतात. उरलेली जून काकडी किसून तांदळाच्या पिठात गुळाबरोबर मळायची आणि वडे किंवा घारगे करायचे. लाल भोपळ्याचेही घारगे होतात.

चिबूड हे खास या महिन्यांचं फळ. पिकला की वेलीवरच तडकतो आणि त्याचा वास आधी पोचतो, फळ नंतर दिसतं. गर रवाळ, फिकट गोड, साखर किंवा गूळ घालून खातात. तो टिकत नाही, प्रवास सोसत नाही, म्हणून मुंबईच्या मंडईत तो क्वचित दिसतो आणि दिसला तरी तो हा नव्हे. ज्याला चिबूड खायचा आहे त्यानं चिबडाच्या गावाला गेलं पाहिजे.

हळदीची पानं आता हातभर लांब झालेली असतात. त्यांवर तांदळाच्या पिठाचा थर द्यायचा, मध्ये खोबरं-गुळाचं सारण, पान दुमडून वाफवायचं. पातोळा उलगडताना पानाच्या शिरांची नक्षी त्यावर उमटलेली असते. गौरीला घावन-घाटलं असतं, अळूची भाजी असते, आणि अनेक घरांत दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्यही. नव्या सुना सुपं घेऊन गौरीला ओवसा द्यायला येतात. रात्री जाखडीचे फेर धरले जातात. तेवढे दिवस प्रत्येक घराचं दार उघडं, प्रत्येक चूल पेटलेली. मग एसट्या भरून निघतात, कुलपं लागतात आणि पितृपक्षात गाव एकदम शांत होतं. त्या शांततेत शीळकरी कस्तुराची शेवटची शीळ ऐकू येते. ओढ्याकाठचा हा निळसर काळा पक्षी पावसाळाभर पहाटे गातो आणि विणीचा हंगाम सरला की गप्प होतो.

आभाळातले प्रवासी

सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. पाऊस उघडल्यावर दुपारी ते इतके असतात की हवा हलल्यासारखी वाटते. शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. डबक्यातल्या पाण्यात त्यांची वाढ होते, आणि डबकी आटण्याआधी त्यांना निघायचं असतं. मालदीवमध्ये राहून काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की ज्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाही, तिथे दर ऑक्टोबरात चतुर येतात कुठून. 2009 मध्ये त्यानं मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, परतीच्या मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेत उतरतात, आणि त्यांची पुढची पिल्लावळ पुढच्या पावसाबरोबर भारताकडे येते. साऱ्या फेरीचं अंतर 14 ते 18 हजार किलोमीटर, आणि ती पुरी व्हायला चार पिढ्या. आपल्या भाताच्या खाचरावर दुपारी डास टिपत फिरणारा चतुर अशा कुळातला आहे.

उलट दिशेनं पाहुणे येतात. ओढ्याच्या दगडावर शेपटी खालीवर करणारा करडा धोबी हिमालयापलीकडून येणाऱ्यांत अगदी पहिला असतो. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीनं बसू लागतात. इंग्लंडात सप्टेंबरात याच जातीच्या भिंगऱ्या तारांवर गोळा होतात, पण निघण्यासाठी. त्या दक्षिण आफ्रिकेला जातात. तिकडे तारेवरची भिंगरी पाहून माणसं हळहळतात, आणि आपल्याकडे ती आली की थंडीची चाहूल लागते.

पहाटेचा अगस्त्य, रात्रीचा चंद्र

शरदाचं आकाश रात्रीइतकंच पहाटेही पाहावं. सप्टेंबर सरता सरता पहाटे पाचला उठून दक्षिणेला नजर टाकली, तर ठळक व्याधाच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून वीतभर वर अगस्त्य दिसतो. व्याधाच्या खालोखाल तोच सर्वांत तेजस्वी तारा. इंग्लंडातून तो कधीच दिसत नाही, तिथे तो क्षितिजाच्या वर येतच नाही. आपल्या परंपरेत अगस्त्याचा उदय आणि पाणी निवळणं यांचा संबंध जोडलेला आहे. चरकसंहितेत ऋतुचर्या सांगताना, दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निवलेलं आणि अगस्त्याच्या उदयानं निर्विष झालेलं शरदातलं पाणी 'हंसोदक' म्हणून वाखाणलं आहे. ओढ्याच्या डोहात तळाचा गोटा न्‌ गोटा दिसतो तेव्हा हे वर्णन कुणी पाहून केलं आहे याची खात्री पटते.

त्याच ग्रंथात शरदातल्या उन्हापासून जपायलाही सांगितलं आहे, कारण या ऋतूत पित्त उसळतं. ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो ते हेच. ढगांची छत्री गेलेली, हवेत ओल तशीच, वारा पडलेला. दुपारी बारा ते तीन माणसानं सावली धरावी. या ऋतूची सुखं सकाळी आणि रात्री आहेत.

रात्रीचं चांदणं या ऋतूत लख्ख असतं त्यातही धुतलेल्या हवेचा वाटा आहे. इंग्लंडात शरदसंपाताजवळच्या पुनवेला सुगीचा चंद्र म्हणतात. पुनवेनंतरच्या रात्री तो तिथे आदल्या दिवशीपेक्षा जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे शेतकऱ्यांना सलग काही संध्याकाळी कापणीला उजेड मिळायचा. आपल्या अक्षांशावर हा फरक चाळीस मिनिटांच्या आसपास असतो.

नव्याची पुनव

आश्विनातली पौर्णिमा शहरात कोजागिरी, मसाला दुधाची. कोकणात ती नव्याची पुनव. हळवं भात तोवर हाती आलेलं असतं. भाताची लोंबी, नाचणी-वरीचं कणीस, कुर्डूचा तुरा, झेंडू आणि आंब्याचं पान एकत्र बांधून त्याला 'नवं' म्हणतात. ते दाराच्या चौकटीला, देवाला, कणगीला, नांगराला, जिथे जिथे कष्टाचा आणि धान्याचा संबंध येतो तिथे बांधायचं. मग नव्या तांदळाचा भात. जुन्या तांदळासारखा तो मोकळा होत नाही, चिकट होतो, पण त्याच्या पेजेला जी चव असते ती जुन्याला नाही. नव्या भाताचे पोहेही याच सुमारास कांडतात, ते दिवाळीपर्यंत पुरवायचे.

या सगळ्यावर एक टांगती तलवार असते परतीच्या पावसाची. 27 सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्र लागतं. दुपारपर्यंत कडकडीत ऊन, तीनला घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे, पाचला विजांसह धो धो पाऊस. पाहणाऱ्याला हे दृश्य मोठं देखणं वाटतं. पण लोंबी भरून वाकलेली असताना असा पाऊस आला तर भात आडवं पडतं, दाणे पाण्यात भिजून उभ्या शेतात कोंब फुटतात. म्हणून पाहुण्यानं या सरीचं कौतुक घरधन्यासमोर जपून करावं.

जाणाऱ्यांसाठी

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर, आणि तिथून डोंगरात चढणारा घाटरस्ता. विसर्जनानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून दसऱ्यापर्यंत केव्हाही जावं, आणि रात्र काढूनच यावं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या वाट्याला फक्त दुपारचं ऊन येतं. बांधावरून चालताना एकामागे एक चालावं, भातात पाय घालू नये. गवतात फुरसं असतं, तेव्हा पायात बूट आणि हातात काठी हवी. धबधब्याचा खडक पाणी ओसरल्यावरही शेवाळानं निसरडा असतो, पुष्कळदा जुलैपेक्षा जास्त. सीतेची आसवं कातळावर उगवतात, त्यामुळे कातळावर पाय ठेवण्याआधी खाली पाहावं. कुणाच्या घरी उतरलात तर जाताना किराणा घेऊन जा, आणि काकडी-चिबूड दिले तर नाही म्हणू नका.

कोजागिरी झाली की आठ-दहा दिवसांत गवत पिवळं पडू लागतं, वारा ईशान्येचा होतो, सोनकी वाळते आणि कातळ कोरडे होतात. गावात कापणीची धांदल उडते. खळं चोपून सारवायचं, भारे आणायचे, झोडणी करायची, गवत कापून ठेवायचं. तेव्हा कुणाला बोलायलाही उसंत नसते. डोंगरातलं पाणी पुढे झपाट्यानं उतरतं. ज्या तालुक्यात एवढा पाऊस पडतो, त्याच पोलादपूरच्या काही वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते.

गावाकडे घर असलेल्या चाकरमान्यांना म्हणून एक सुचवावंसं वाटतं. गणपतीची रजा वाढवून मिळणं कठीण, पण नव्याच्या पुनवेला जोडून एखादा शनिवार-रविवार काढता येतो. म्हातारीनं गोधड्या उन्हात घालून ठेवलेल्या असतात.